मागची सीट काढली, आता पुढे काय? कोकणच्या दमट हवेत कूपेचा मागचा भाग नीट कसा करावा

कूपेची, म्हणजे दोन दारांच्या गाडीची, मागची सीट काढायला फार तर अर्धा तास लागतो. पाना फिरवायची थोडी सवय असलेला कुणीही ती काढतो. सीट माळ्यावर जाते आणि गाडीत उरतो उघडा पत्रा, काळ्या टेपात गुंडाळलेल्या वायरी, कंपनीने चिकटवलेले फेल्टचे तुकडे आणि वर्षानुवर्षांचा केर. पुढचं सगळं काम या उघड्या पत्र्याचं आहे, आणि बहुतेकजण नेमकं तेच उरकून टाकतात.

ऑडी टीटी, मस्टँग यांच्या मागच्या सीटवर मोठा माणूस नीट बसत नाही, त्यामुळे ती काढायचा मोह समजण्यासारखा आहे. तीन दारांची पोलो जीटीआय किंवा मिनी कूपर असेल तर वजन कमी करणं आणि सामानाला जागा करणं हीच कारणं असतात. खुद्द कंपन्याही हे करतात. पोर्श ९११ च्या जीटी३ प्रकारात सहसा मागच्या सीट नसतात, तिथे कार्पेट लावलेला साधा खोलगट भाग असतो. मिनीच्या जॉन कूपर वर्क्स जीपी प्रकारातही मागे बसायची सोय नाही. फोटो काढून ठेवायचेच असतील तर या दोन गाड्यांचे ठेवा. कंपनीने तिथे किती कमी केलंय ते नीट बघा.

परदेशी व्हिडिओ बघून काम करायला हरकत नाही, पण ते लोक फळी ठोकतात, कार्पेट चिकटवतात आणि विषय संपतो. आपल्याकडे रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. वर खारा वारा आहेच. इथे जे कायमचं चिकटवाल त्याच्याखाली ओल धरणार. म्हणून या सगळ्या कामाला माझी एकच अट आहे: मागे जे काही बसवाल ते दहा मिनिटांत, एका पान्याने, काही न तोडता उचलता आलं पाहिजे. खालचं प्रत्येक पाऊल या अटीवर तपासून घ्या.

आधी कागद

आरसी बुकावर गाडीची आसनक्षमता छापलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तेव्हा एमएच-०६ असो, ०७ असो की ०८, आपल्या आरटीओत जाऊन आधी विचारा. विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. अपघातानंतर सर्व्हेअर गाडी बघायला येतो तेव्हा तोंडी सांगितलेलं काही उपयोगी पडत नाही.

गाडी फक्त ट्रॅकवर किंवा ऑटोक्रॉसला (मैदानातल्या वेळेच्या शर्यतीला) न्यायची असेल तर सीट त्या दिवसापुरती काढा आणि परत बसवा. आणि एकदा सीट काढली की मागे माणूस बसवायचा नाही. देवळापर्यंतच जायचंय, पोरं मागे बसतील, हे चालणार नाही.

सीट काढताना

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. पिवळ्या रंगाचे कनेक्टर एअरबॅगचे किंवा बेल्ट ओढून धरणाऱ्या यंत्रणेचे असतात. तार सोडल्यावरही त्यांच्या सर्किटात थोडा वेळ वीज उरलेली असते. शक्यतो पिवळ्याला हात लावूच नका.

बसायची गादी बहुतेक गाड्यांत पुढच्या काठाला दोन क्लिपांवर असते. काठ धरून सरळ वर हिसडा दिला की सुटते. पाठ बोल्टवर असते. बेल्टचे बोल्ट मात्र वेगळे. बहुतेक गाड्यांत ते ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांचे असतात. दिसायला मिलिमीटरच्या बोल्टसारखेच दिसतात, म्हणून दुकानातला कुठलाही बोल्ट तिथे घुसवला जातो आणि आतल्या नटाचे आटे जातात. बेल्टचा मूळ बोल्ट त्याच्याच भोकात परत पिळून ठेवा. हरवणारही नाही आणि भोकातून खालचं पाणी-धूळही वर येणार नाही.

बाकीचे बोल्ट, क्लिपा, वॉशर छोट्या पिशव्यांत भरा, आत कागदाची चिठ्ठी टाका: ‘डावी बाजू, पाठ, खालचा.’ मोबाइलवर फोटो काढाच, पण फोटोत बोल्टची लांबी कळत नाही.

नव्या गाड्यांत मागच्या बेल्टचे सेन्सर असतात. कनेक्टर सोडला की मीटरवर दिवा लागतो किंवा गाडी सतत पिंपिं करते. त्यावर तारा जोडून जुगाड करू नका. स्कॅनर असलेल्या इलेक्ट्रिशियनला दाखवा. दोन दारांच्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटच्या बेल्टचं रीळही मागच्या बाजूच्या पॅनलआड असतं. त्याच्या पट्ट्याच्या वाटेत तुमची फळी किंवा कार्पेटचा काठ येता कामा नये. मागच्या खिडकीच्या वरच्या बाजूला, छताच्या कडेने पडदा एअरबॅग असेल तर तिथल्या पॅनलवर काहीही चिकटवायचं नाही. एअरबॅग उघडायला तो काठ सुटावा लागतो.

वाळू आणि मीठ

आता जुनं कार्पेट उचला. गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली जिथे जिथे गाडी गेली असेल तिथली वाळू खाली सापडेल. ही वाळू झाडून भागत नाही, कारण तिच्यात मीठ आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचा क्षारही असतो, तो त्याहून कमी दमटपणातही पाणी ओढतो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर हवा दिवसेंदिवस त्या पातळीच्या वर असते. म्हणजे गाडीत पाण्याचा एक थेंब न शिरता कार्पेटखालचा पत्रा ओला राहू शकतो. गॅरेजवाला ‘कुठून गळतंय कळत नाही’ म्हणतो तेव्हा कित्येकदा गळत काहीच नसतं.

व्हॅक्यूमने वाळू ओढून घ्या, मग गोड्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पत्रा दोन-तीनदा पुसा. दर वेळी पाणी बदला. नंतर गाडी दारं उघडी टाकून उन्हात ठेवा. फेल्ट आणि स्पंज चिमटीत धरून पिळून बघा. ओल लागली तर टाकून द्या. सुकवून परत लावायच्या लायकीचं ते नसतं.

मग खऱ्या गळतीची परीक्षा. हे काम दोघांचं आहे. एकजण टॉर्च घेऊन आत मागच्या भागात बसतो, दुसरा बाहेर पाइप धरतो. पाण्याचा जोर कमी ठेवायचा आणि खालून वर यायचं: आधी बंपरच्या वरची कड, मग टेललाइट, मग डिकीच्या दाराचं रबर, शेवटी छत आणि अँटेनाचं बूड. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं थांबा. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि आत आलं ते नेमकं कुठून हे कळत नाही. आतल्या पत्र्यावर आधी टाल्कम पावडर भुरभुरवून ठेवा. थेंब गेला की पांढऱ्यात काळी रेघ उमटते आणि ती रेघ धरून वर गेलं की भोक सापडतं. आमच्याकडे आत भाचा बसला होता. तो शांतपणे ‘मामा, दिव्याखाली एक मुंगी चाललीय’ म्हणाला. ती मुंगी म्हणजे पावडरमधून उतरणारा थेंब होता. टेललाइटची रबरी गॅस्केट कडक होऊन एका कोपऱ्यात उचलली गेली होती.

जमिनीच्या पत्र्याला खालून रबरी बुचं असतात, ती एकेक दाबून बघा. कडक झालेलं बूच बदला, पण भोक सिलिकॉनने बुजवू नका. पुढे कधी पाणी शिरलंच तर निघायला तीच वाट असते.

गंज

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने घासा, गंज मारणारं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावा, सुकल्यावर इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर रंग. स्क्रू ड्रायव्हरने टोचल्यावर पत्रा आत गेला तर मात्र डेंटरकडे जा. सीटच्या आणि बेल्टच्या नटांभोवती गंज असेल तर तो भाग स्वतः वेल्ड करू नका. सीट उद्या परत बसली तर माणसाचा जीव त्या नटावर असणार आहे.

आवाज

सीट गेली की गाडी ढोलासारखी वाजू लागते. सीटचा जाड फोम मागच्या चाकांचा आणि सायलेन्सरचा बराच आवाज गिळत होता, हे तो गेल्यावरच कळतं. यावर उपाय दोन थरांचा आहे, आणि दोन्ही थरांची कामं वेगळी आहेत.

पहिला थर डॅम्पिंग शीटचा, पत्र्याची थरथर मारायला. हा थर पत्र्यालाच चिकटतो, तो सुरुवातीच्या अटीला अपवाद. बाजारात डांबरी शीट स्वस्त मिळते. ती घेऊ नका. उन्हात बंद गाडीत ती मऊ होते, वास सोडते आणि उभ्या पत्र्यावरून घसरते. वर ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असलेली ब्यूटिल रबराची शीट घ्या, २ मिलिमीटर पुरे. सगळा पत्रा मढवायची गरज नसते. सपाट आणि मोठ्या भागांच्या मधोमध, एकूण पत्र्याच्या पाव ते निम्म्या जागेत लावली तरी बोटाने टकटक केल्यावर ‘टण्ण’चं ‘ठप्प’ होतं. चाकांच्या कमानी आणि स्टेपनीची खळगी मात्र पूर्ण मढवा, सगळ्यात जास्त गोंगाट तिथून येतो. आधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि शीट रोलरने दाबून बसवा. पापुद्र्यावरची नक्षी सपाट झाली म्हणजे खाली हवा उरली नाही. बुचं, वायरींच्या क्लिपा आणि पंपाचं झाकण यांच्यावरून शीट नेऊ नका.

पंपाच्या झाकणाचं खास सांगतो. पुष्कळ गाड्यांत इंधनपंपापर्यंत जायची वाट मागच्या सीटखालच्या गोल किंवा चौकोनी झाकणातून असते. ती बुजवलीत तर पंप बिघडेल त्या दिवशी सगळं काम उपटावं लागेल, नाहीतर टाकी खाली उतरवावी लागेल. झाकणाचं गॅस्केट आत्ताच तपासा. पेट्रोलचा जरासाही वास येत असेल तर आधी तो बंद करा, मग पुढचं काम.

दुसरा थर बंद पेशींच्या फोमचा, ६ ते १० मिलिमीटर. तुकडा पाण्यात बुडवून पिळला तर पाणी निघता कामा नये, हीच त्याची पारख. गादीवाल्याकडचा साधा स्पंज इथे विष आहे.

खाका

फ्रिजचं मोठं खोकं इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतं. त्याचा पुठ्ठा घ्या. गाडीच्या मध्यरेषेवर पुढून मागे दोरा ताणा आणि तिथून दोन्ही बाजूंना मापं घ्या. डावीकडचा पुठ्ठा उलटा करून उजवीकडे बसेल असं धरून चालू नका. कमानींचे आकार, वायरींचे उंचवटे दोन्हीकडे सारखे नसतात.

एकाच मोठ्या पुठ्ठ्यात आकार कापायचा प्रयत्न केला की पुठ्ठा वाया जातो. आधी लहान तुकडा मधे ठेवा, मग कडेच्या फटी चार बोटं रुंदीच्या पट्ट्यांनी भरत जा आणि पट्ट्या टेपने जोडा. कमानीच्या वळणाशी पट्ट्या आणखी अरुंद करा. शेवटी जो गोधडीसारखा आकार तयार होतो तोच खाका. तो बाहेर काढून परत आत घालून बघा, कारण फळी दारातून आत जायला हवी. दोन दारांच्या गाडीत इथेच घोडं अडतं. अखंड फळी बसली असती, पण आत जात नाही. म्हणून सुरुवातीपासून तीन भाग धरा: जमिनीचे दोन आणि मागची उभी पाठ. पंपाचं झाकण ज्या भागाखाली येईल तो भाग बिजागरीवर उचलता येईल असा करा.

फळीभोवती सगळीकडे ५-६ मिलिमीटर फट सोडा. कार्पेट काठावरून मागे वळणार आहे, त्याची जाडी दोन्ही बाजूंना लागते. ही फट विसरली तर सगळं झाल्यावर काठ रंध्याने तासावे लागतात.

फळी कशाची

वजन कमी करायला सीट काढली आणि तिथे १२ मिलिमीटरचा पलाय बसवला तर काय उरलं? साधा हिशेब करू. सव्वा मीटर बाय ९० सेंटिमीटर म्हणजे सव्वा चौरस मीटरच्या आतला पृष्ठभाग. १२ मिलिमीटर मरीन पलायचं त्याचं वजन ८-९ किलो, ६ मिलिमीटरचं त्याच्या निम्मं. दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्राही साधारण ६ मिलिमीटर पलायइतकाच भरतो, पण तो वाजतो. माझी पसंती ६ मिलिमीटर पलायला, खाली आधार जवळ जवळ ठेवून. सामान जड नेणार असाल तर ९.

पलाय घ्यायचा तर आयएस (भारतीय मानक) ७१० हा शिक्का बघून घ्या. तो मरीन दर्जाचा, उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या चिकटीचा. आयएस ३०३ वरचा पलाय घरच्या कपाटाला ठीक, इथे नको. अख्खी आठ बाय चार फुटांची शीट विकत घ्यायची गरज नाही. सुतारकाम चालू असलेल्या घरी उरलेला तुकडा मागा.

बोर्ड रंगवणाऱ्यांकडचा सनबोर्ड हलका आणि स्वस्त म्हणून काहीजण वापरतात. तो पीव्हीसीचा असतो, साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. एप्रिलमध्ये उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत काचेखालची फळी सहज तेवढी तापते. मग ती मधोमध बसते आणि तशीच राहते. दुकानांच्या दर्शनी भागाला लावतात ती एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट) शीट कडक असते, पण तिच्या पोटात बहुधा पॉलिथिन असतं आणि ते पेटतं. पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर मी ती घालणार नाही.

कुडाळकडच्या एका मेस्त्रींना हा सगळा बेत सांगितला तेव्हा त्यांनी पुठ्ठा हातात धरून बघितला आणि विचारलं, “गाडयेत पलाय कित्याक घालतंस? होडयेक मारतत तसा फायबर मार.” सल्ला लाखमोलाचा आहे. मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवण, कुठल्याही बंदरावर फायबरचं काम करणारे कारागीर भेटतात, आणि खाऱ्या पाण्याशी त्यांचं रोजचं नातं आहे. आकार फार वळणांचा असेल, कमानींवर एकसंध कवच हवं असेल, तर त्यांच्याकडून साचा काढून घ्या. गाडीच्या पत्र्यावर आधी प्लास्टिकचा कागद आणि टेप नीट लावायला सांगा, नाहीतर रेझिन पत्र्यालाच धरेल. आणि काम उघड्यावर, मास्क लावून. रेझिनमधल्या स्टायरीनचा वास गाडीतून आठवडाभर जात नाही.

सपाट आकाराला पलायच बरा. त्याच्या दोन्ही बाजू, चारही काठ आणि बोल्टचं प्रत्येक भोक रेझिनने किंवा होडीच्या व्हार्निशने बंद करा. पलाय तोंडावरून भिजत नाही, काठातून पाणी पितो. काठांना तीन हात द्या.

बसवायचं कशावर

गाडीच्या पत्र्यात नवीन भोक पाडू नका. स्वतःच भोक पाडत जाणारे स्क्रू ड्रिलने मारणं सोपं वाटतं, पण त्या पत्र्याखाली पेट्रोलची टाकी आहे, ब्रेकच्या नळ्या आहेत. गाडीत आधीच असलेले नट वापरा: सीटच्या पाठीचे, गादीच्या क्लिपांच्या जागा, मुलांची सीट अडकवायच्या कड्या. मूळ बोल्ट खिशात टाकून हार्डवेअरच्या दुकानात जा आणि तसाच, हवा तेवढा लांब, मागा. आटे बोटांनी फिरवून जुळवा, पान्याने नाही.

नटांवर ॲल्युमिनियमच्या एल-पट्ट्या, पट्ट्यांवर फळी. बोल्ट स्टेनलेसचे घ्या. किनाऱ्यालगत राहत असाल तर ३०४ दर्जापेक्षा ३१६ चांगलं, आणि ते होडीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. एक अडचण आहे: स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जाऊ लागतं आणि बोल्टभोवती पांढरी पूड जमते. मधे नायलॉनचा वॉशर घाला, आट्यांना ग्रीस लावा.

फळी जिथे जिथे धातूला टेकते तिथे रबराची पट्टी चिकटवा. एवढं केलं नाही तर मुंबई-गोवा महामार्गाच्या वळणावळणावर मागून कुरकुर ऐकू येईल आणि ती शोधण्यात रविवार जातील.

कार्पेट

पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिएस्टरचं, सुईने ठोकून केलेलं गाडीचं कार्पेट घ्या. सीटकव्हरवाल्यांकडे ते मीटरवर मिळतं. हे धागे पाणी जवळजवळ पीत नाहीत. मागे ज्यूटचं किंवा सुती अस्तर असेल तर नको. काथ्याची चटई कोकणात स्वस्त आणि देखणी मिळते, पण ती पायाखाली ठेवायची चीज आहे, वाळू तिच्यात कायमची मुरते. काळा रंग घेतलात तर वाळूचा प्रत्येक कण आणि बुरशीचा प्रत्येक ठिपका दिसेल. मध्यम राखाडी घ्या. घेण्याआधी बोटभर तुकडा अंगणात नेऊन काडी लावून बघा. काडी बाजूला घेतल्यावर ज्योत आपोआप मेली तर ठीक, वितळून पेटते थेंब गाळत पळाली तर दुसरं बघा. मोटारींच्या आतल्या कापडा-कार्पेटांच्या ज्वलनासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे, विक्रेत्याला त्याबद्दल विचारायला लाजू नका.

चिकटवायला रबरी सोल्युशन, फेव्हिकॉल एसआर ९९८ च्या जातीचं. पांढरा सुतारी फेव्हिकॉल इथे चालत नाही. सोल्युशन दोन्ही पृष्ठभागांना पातळ लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाच्या मागच्या बाजूला ओलं न लागता नुसतं चिकटल्यासारखं वाटलं की जोडायचं. एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून मधून सुरुवात करून कडांकडे या. फळी गाडीबाहेर, वाऱ्यावर मढवा. बंद गाडीत या द्रावणाच्या वाफा डोक्यात जातात आणि एका ठिणगीने पेटतात.

हे काम पावसाळ्यात करू नका. द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं, थर दुधट दिसू लागतो आणि तो पुढे सालीसारखा सुटतो. नोव्हेंबर ते मार्च हा आपला हंगाम. त्यातही सकाळचं दव उडाल्यावर.

काठावरून चार-पाच सेंटिमीटर कार्पेट मागे वळवा. कोपऱ्यात आतल्या बाजूने इंग्रजी व्हीच्या आकाराचा तुकडा कापा, पण फळीच्या टोकापासून अर्धा सेंटिमीटर अलीकडे थांबा, नाहीतर समोरून लाकूड दिसतं. मागे स्टेपल मारायच्या तर त्याही स्टेनलेसच्या. साध्या पिना पहिल्याच पावसात तांबूस डाग सोडतात. चाकांच्या कमानींसाठी चारही बाजूंनी ताणणारं पातळ कार्पेट मिळतं. ते कमानीच्या माथ्यावर टेकवून हॉट एअर गनने किंचित गरम करत खाली ओढत आणा. घाई केली तर चुण्या पडतात, आणि चुणी पडली की ती तिथेच राहते.

हवा जायची वाट

हे बहुतेकांना ठाऊक नसतं. एसीची हवा गाडीत येते तेवढीच बाहेरही जावी लागते, आणि तिची वाट सहसा मागच्या बंपरआड, डिकीच्या बाजूच्या झडपांतून असते. तुम्ही मागची पाठ फळीने घट्ट बंद केलीत तर ती वाट अडते. दार लावताना कानावर दाब येतो, एसीचा झोत मंदावतो आणि पावसात काचा आतून धुरकट होतात. पाठीच्या फळीला खालच्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटरची लांबट फट सोडा, त्यावर जाळी मारा म्हणजे उंदीर चढणार नाही. झडपांवर फोम किंवा शीट गेलेली नाही ना, तेही बघा.

मात्र जुन्या काही गाड्यांत टाकी सीटच्या पाठीमागेच उभी असते. तिथे मधे धातूचा पडदा असलाच पाहिजे, लाकडाचा नाही. कंपनीचा पत्रा असेल तर त्याला हात लावू नका.

सामान

सीटची पाठ मागचं सामान पुढे येण्यापासून अडवत होती. ती गेली. आता मे महिन्यात हापूसच्या पेट्या मागे टाकून निघालात आणि समोर आदळलात, तर टक्करीच्या त्या क्षणी १० किलोची एक पेटी काही शे किलोंच्या जोराने तुमच्या पाठीवर येते. बांधायच्या कड्या हव्यातच, आणि त्या फळीला नव्हे, खालच्या मूळ नटांना बसवलेल्या. फळीतला स्क्रू पहिल्या धक्क्याला उपटतो. जाळी शोभेची असते, घट्ट आवळता येणारे पट्टे घ्या, आणि पेटी पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवा म्हणजे तिला वेग घ्यायला जागा मिळत नाही.

कड्यांच्या जोडीला रोल केज (आतून लोखंडी नळ्यांचा पिंजरा) घालावं का, असं पोरं विचारतात. हेल्मेट न घालता रस्त्यावर चालवायच्या गाडीत डोक्याजवळ लोखंडी नळी नको.

पावसाळा आणि माळ्यावरची सीट

जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा फळी उचला, हात फिरवा, ओल असेल तर दारं उघडी टाकून पंखा लावा. ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या चालतात, पण त्या भरल्या की आत खारं पाणी तयार होतं. गाडी वळणावर कलंडली तर ते तुमच्याच पत्र्यावर सांडणार. उभ्या गाडीत ठेवा, चालवताना काढा. बुरशीचा वास आला तर सुगंधी स्प्रे मारू नका, फळी उचला.

काढलेली सीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकली तर दिवाळीपर्यंत तिच्यावर हिरवट बुरशी धरते. जुन्या सुती चादरीत गुंडाळा, जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर ठेवा, आणि उंदरांकडे लक्ष असू द्या, फोम त्यांना फार आवडतो. गणपतीत मुंबईकर मंडळी उतरली की गाडीत जागा कमी पडते आणि ती सीट आठवते. परत बसवताना बेल्टचे बोल्ट अंदाजाने आवळू नका. सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा काढा, टॉर्क पाना लावा, प्रत्येक पट्टा जोरात झटकून तो अडतो का बघा, बॅटरी जोडा, आणि मीटरवरचा एअरबॅगचा दिवा लागून विझला की मगच कुणाला मागे बसवा.